पहिली कादंबरी आणि गावातले चोखंदळ वाचक

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या वऱ्हाडातल्याच एका नव्या लेखिकेची पहिली कादंबरी सध्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून हातोहात फिरते आहे. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी शाळेमागच्या गोदामात एका उमेदवाराचा खून होतो. तिकडे सरपंचबाईंच्या मुलीचा जीव विरोधी पॅनलमधल्या पोरावर जडलेला. खुनी कोण ते मी सांगणार नाही, निर्धास्त ऐका.

वाचकांनी हे पुस्तक अक्षरशः पिंजून काढलं. सगळ्यात गाजला तो मतदानाचा प्रसंग. एक म्हातारी केंद्रात जाते, एक बटण दाबते, बाहेर येते. ती आत जाताना आणि बाहेर पडताना तिला एकच माणूस दारात दिसतो; मधला वेळ इतका थोडा, की त्याच्यावरचा संशय फिटतो. एका कास्तकार वाचकाने नेमकं तिथंच बोट ठेवलं. म्हणाले, "हे काय इधानसभेचं मतदान हाय का? आमच्या वार्डात तीन मेंबर, वरून सरपंच. म्हंजे चार बटनं दाबा लागते!" त्यांचं खरं आहे. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. चार मतं द्यायची, त्यात म्हातारीची नजर अधू, वेळ लागणारच. मग सुटलेला तो माणूस पुन्हा संशयात येतो. ही चूक लेखिकेने पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावीच. गावचं राजकारण रोज जगणारा वाचक असा तपास करतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

बचत गटातल्या बायकांना सरपंचबाई आवडल्या. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, तरी शिक्का नवऱ्याच्या खिशात हे चित्र अजून दिसतं. या बाई शिक्का स्वतःच्या पिशवीत ठेवतात, आणि ठराव वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

तरुण पोरांचं म्हणणं, प्रेमाची पानं गाळली असती तरी चाललं असतं. मला हे अजिबात पटत नाही. मयताच्या खिशात एक मतदार चिठ्ठी सापडते, तिच्यामागे धमकीच्या दोन ओळी. मुलगी अक्षर ओळखते. त्याच हाताची पत्रं तिच्या पेटीत, साड्यांच्या घडीखाली आहेत. ती दोन दिवस तोंड उघडत नाही. आईला सांगावं, तर घरातली गोष्ट पॅनलच्या बैठकीत जाणार. न सांगावं, तर निरपराध माणूस कोठडीत. ती चुलीपुढे भाकरी थापत बसते आणि आई विचारते, "काहून वं, जेवत काहून नाही?" प्रेम काढलं, तर हे दोन दिवस उरतच नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या कादंबरीचा जीव त्यातच आहे.

शेवटचं लग्न मात्र फार घाईत उरकलंय. त्या पोराने धमकी का लिहिली, हे मुलगी त्याला एकदाही विचारत नाही. तो जाब तिने मागायलाच हवा होता.