ल्हासात मुक्काम कुठे करावा

नमस्कार श्रोतेहो.

कैलास-मानसरोवराची वाट धरणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. त्यातली काही त्याच ओढीने पुढे तिबेटची राजधानी ल्हासाही पाहायचं ठरवतात. विमान, रेल्वे, परवाना यांची चौकशी सगळे करतात. राहायचं कुठे, हे मात्र सहलसंस्थेवर सोडून देतात. मला आज तेवढंच सांगायचं आहे. ल्हासात मुक्काम जुन्या गावात करा, जोखांग मंदिराभोवतीच्या बारखोर भागात, आणि हॉटेलचं नाव पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.

आधी म्हणतो, कारण तिथे पोचल्यावर फारसं काही आपल्या हातात राहत नाही. चीनचा व्हिसा तर लागतोच, वर परदेशी प्रवाशाला तिबेटचा वेगळा परवानाही लागतो. तो सहलसंस्थेमार्फतच निघतो, आणि सोबत गाइड घ्यावाच लागतो. पाठीवर सॅक टाकून गल्लोगल्ली खोली शोधत फिरायची सोय आता नाही. कुठल्या दिवशी काय पाहायचं, हेही आधीच ठरलेलं असतं. निजायची जागा तेवढी आपण हट्टाने मागू शकतो.

ल्हासात जागा शोधणाऱ्या भारतीयांत एक फार मोठा माणूस होऊन गेला. कुमाऊँच्या डोंगरातले नैनसिंग रावत. तिबेटात परक्यांना बंदी होती, तेव्हा ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेष पालटून ते जानेवारी 1866मध्ये ल्हासात पोचले. एका धर्मशाळेत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रात्री कुणाच्या नजरेस न पडता ताऱ्यांची निरीक्षणं घेता येतील, अशा त्या खोल्या होत्या. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून त्यांनी शहराची उंची काढली. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून गुजराण केली. त्या नेपाळी, म्हणजे नेवार, व्यापाऱ्यांच्या पेढ्या ल्हासात कित्येक पिढ्या होत्या. काश्मिरी मुसलमान व्यापारीही तिथे घरं करून राहिले होते. आल्यागेल्याला सामावून घेणारी वस्ती होती ती, आणि तिचा गाभा होता हाच बारखोर.

जोखांग सातव्या शतकातलं, राजा स्रोंगचन गाम्पोच्या काळातलं. पोताला राजवाडा आज दिसतो त्या रूपात 1645पासून, पाचव्या दलाई लामांच्या काळात उभा राहू लागला. पोताला तुम्हाला ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर, गर्दीबरोबर पुढे सरकत पाहावा लागतो. बारखोरची प्रदक्षिणा मात्र तुम्ही कितीही वेळा करू शकता. जेमतेम एक किलोमीटरची वाट. पहाटे धुपाच्या मोठ्या भट्ट्यांत जुनिपरच्या फांद्या धुमसत असतात. दूरच्या खेड्यांतून आलेली माणसं दंडवत घालत पुढे जातात. पंढरीची वाट पाहिलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण नव्या शहरातल्या हॉटेलातून नाश्ता उरकून, बसने नऊ-दहाला आलात तर ही पहाट हुकली. दारातून उतरून दोन गल्ल्या चाललात तर ती रोज तुमची.

शिवाय घरं. मधे चौक, भोवती दोन-तीन मजले, सज्जातून खोल्यांची दारं. आपल्या वाड्यात वाढलेल्याला लगेच ओळखीचं वाटेल. अशी पुष्कळ घरं विसाव्या शतकाच्या अखेरीस पाडली गेली. जी उरली त्यांतल्या काहींची डागडुजी स्थानिक गवंडी-सुतारांच्या हातून झाली, आणि काहींत आज छोटी हॉटेलं चालतात. मला विचाराल तर चकचकीत लॉबीपेक्षा ही खोली शंभरदा बरी.

गैरसोयीही आहेत. जुन्या घरांत लिफ्ट क्वचित, जिने उभे. गल्ल्यांत गाडी शिरत नाही, सामान हातानं न्यावं लागतं, आणि बारखोरात शिरताना सुरक्षा तपासणी असते. म्हणून पासपोर्ट कायम जवळ हवा. हिवाळ्यात खोली नीट तापते का, गरम पाणी किती वेळ असतं, हे आधी विचारा. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, किंवा कुणाला दम्याचा, हृदयाचा त्रास असेल, तर लिफ्ट आणि ऑक्सिजनची सोय असलेलं नवं हॉटेल घ्या. तिथे हट्ट नको.

कारण उंची. ल्हासा सुमारे 3,650 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, लेहपेक्षाही थोडं वर. समुद्रसपाटीवर श्वासागणिक जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपासच इथे मिळतो. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मागा. पोचल्या दिवशी काही पाहायला निघू नका, जिने धावत चढू नका, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. डोकेदुखी वाढतच गेली, बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर गाइडला सांगून तडक दवाखाना गाठा. चीनमधल्या शिनिंग शहराहून रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती गाडी वाटेत 5,072 मीटरवरून जाते. उंचीवरच्या त्रासासाठीच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

तारखांचंही बघा. तिबेटी नववर्षानंतर, साधारण मार्चअखेरपर्यंत, परदेशी प्रवाशांना परवाने बहुधा मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनी पर्यटकांची झुंबड असते, खोल्या महागतात. एप्रिलचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर मला जास्त पसंत.

जेवणाची काळजी शाकाहारी माणसालाही नको. जुन्या गावात नेपाळी धर्तीचं डाळभात मिळतं. थुक्पा किंवा मोमो मागवताना मात्र मांस नको, हे स्पष्ट सांगा. लोणी-मिठाचा चहा सगळ्यांना रुचेल असं नाही, पण ल्हासातला गोड, दुधाचा चहा आपल्या जिभेला पहिल्या घोटात पटतो. चहाच्या दुकानांत लांब बाकांवर माणसं तासन्‌तास गप्पा मारत बसतात. तुम्हीही बसा.

शेवटी एवढंच, हॉटेलचं तिबेटी आणि चिनी लिपीतलं कार्ड खिशात ठेवा. गल्ल्या एकसारख्या दिसतात. तरी चुकलात, तर बारखोरच्या वाटेवर या आणि प्रदक्षिणा घालणाऱ्यांबरोबर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालू लागा. तुम्ही जोखांगच्या समोरच्या चौकात येता, आणि तिथून आपली गल्ली सापडते.

नमस्कार.