‘राग आला’ म्हणजे नक्की काय झालं?

नमस्कार. दुसरीच्या वर्गातली गोष्ट. मधली सुट्टी संपली आणि एका मुलानं कंपासपेटी भिरकावली. “काय झालं रे?” “राग आला.” बस्स, एवढंच.

मी त्याच्या बाकावर जाऊन बसले. डबा उघडा होता, पोळीला हातही लावला नव्हता. रोज ज्याच्याबरोबर डबा खायचा, तो मित्र आज दुसऱ्या मुलांत जाऊन बसला होता. मी विचारलं, “हिरमुसलास का?” शब्द त्याला माहीत नव्हता. अर्थ सांगितला, तसा तो रडायला लागला. पेटी मग त्यानंच उचलली.

बघा, आपल्याकडे किती शब्द आहेत! खट्टू होणं, रुसणं, ओशाळणं, धास्तावणं, हेवा वाटणं, कानकोंडं होणं. आणि मुलांच्या हाती आपण देतो ‘राग’ आणि ‘आनंद’. फार तर ‘टेन्शन’.

भावनेला नाव दिल्यानं खरंच फरक पडतो. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि त्या वेळी त्यांचा मेंदू स्कॅन केला. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल मंदावत होती. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, हे लक्षात असू द्या.

“यात अभ्यासाचा वेळ जातो,” असं पालक मला म्हणतात. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी मुलांना भावना ओळखायला, सांभाळायला शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचे निकाल एकत्र तपासले. मुलं होती २ लाख ७० हजार. उपक्रमातल्या मुलांची अभ्यासातली प्रगतीही सरस निघाली. शंभरांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण ११ जागा पुढे सरकावं, इतकी.

मात्र मूल आकांडतांडव करत असताना शब्द शिकवू नका. आधी पाणी द्या, जवळ बसा. नंतरही “तू जळतोस त्याच्यावर” असा शिक्का नको. “हेवा वाटला का?” असं विचारा. तो “नाही” म्हणाला तर ते मान्य करा.

आणि नववी-दहावीतल्या मुलांना समोर बसवून उलटतपासणी तर मुळीच नको. मेथीची जुडी पुढ्यात घ्या, अर्धी त्याच्याकडे सरकवा. नजर पानांवर असली की ती बोलतात. तुम्ही फक्त निवडत राहा.