गुंता खाली, दोष वर

नमस्कार श्रोतेहो. मशीनवर टीप मारायला घ्यावी, वरून टाके बरे दिसावेत आणि कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं जंजाळ! मग आपण बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, काढतो, तिचा बारीकसा स्क्रू पिळतो, बॉबिनलाच शिव्या घालतो. थांबा. गुंता खाली दिसतो, पण दोष बहुतेक वेळा वर असतो. पुन्हा सांगते, गुंता खाली, दोष वर.

आमच्या वहिनींच्या मशीनचं हेच झालं. उशीचे अभ्रे शिवता शिवता खाली हा गोळा. दादानं लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याला चालू घड्याळसुद्धा उघडून बघावंसं वाटतं; घराघरांत असा एक तरी असतोच, आणि त्याच्या हाती हत्यार देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी खोलली, बॉबिन केस पुसली. शेजारचे काका म्हणाले, दोरा बदला. बदलला. वहिनी म्हणाल्या, सुई बदलू. तीही बदलली. गुंता तसाच!

तेवढ्यात मावशी आली. ती खाली वाकलीसुद्धा नाही. म्हणाली, "आधी फूट उचल गं." फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा तो पाय. वरचा दोरा तिनं पार ओढून काढला आणि फूट वर असतानाच पहिल्यापासून ओवला. दोरा ओढून दाखवला, सुळकन आला. मग फूट खाली टाकला, पुन्हा ओढला. आता दोरा अडला, सुई किंचित वाकली. "हां, आता धरला बघ." कापड सरकवलं, टीप सरळ. दादा म्हणतो, "मी साफ केलं म्हणून चाललं." आजही तेच म्हणतो!

त्याचं असं आहे, फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात शिरतच नाही, सैल राहतो आणि खाली जाऊन साठतो. म्हणून ओवताना फूट वर. लक्षात ठेवा, ओवताना फूट वर.

टाके मध्येच सुटत असतील तर मात्र सुई बघा. वाकलीय का, पुरती वर बसलीय का? पातळ कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जीन्सला 16. विजेचं मशीन असेल तर सुईला हात लावण्याआधी प्लग काढा.

आणि तेल. स्वयंपाकघरातलं तेल मशीनला घालणाऱ्यांना काय म्हणावं! ते चिकट होऊन बसतं. मशीनचंच तेल घ्या, तेही पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, एखादा थेंब. मग आधी चिंधीवर टीप मारा, नाहीतर तेलाचा डाग थेट नव्या कापडावर पडेल.