कंपनांवरून ताऱ्याचे वय

गोदाकाठी सराव सुरू होण्यापूर्वी पथकातील ढोल ताणले जात आहेत. दोरी आवळली की पानाचा सूर चढतो आणि मुरलेला वादक नुसत्या टोलावरून कोणता ढोल सैल आहे ते सांगतो. सूर्यासारख्या ताऱ्यांचे अंतरंग ओळखण्याची रीतही याच जातीची आहे.

अशा ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत तप्त वायूची सतत घुसळण चालते. त्यातून उठणाऱ्या ध्वनिलहरी ताऱ्याच्या पोटात कोंडल्या जातात आणि त्याला कंप देत राहतात. सूर्याच्या पृष्ठभागाची सुमारे ५ मिनिटांची आंदोलने अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन यांनी १९६०च्या सुमारास शोधली. दूरच्या ताऱ्याबाबत मात्र मुख्यतः तेजातील चढउतारावर भिस्त ठेवावी लागते आणि तो चढउतार दहा लाखांत जेमतेम काही भाग इतका सूक्ष्म असतो.

गंगापूर धरणाच्या काठावरून टिपलेल्या या दृश्यात अभिजित तारा आणि हंस तारकासमूह वर येत आहेत. क्षितिजालगतचा पिवळट उजेड आपल्याच शहराचा आहे. आकाशाच्या याच भागावर नासाची केपलर अवकाश दुर्बीण २००९ पासून चार वर्षे खिळून होती. तिने टिपलेल्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या असून, नाशिकच्या या विद्यार्थिनीने त्या आपल्या साध्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आहेत.

पडद्यावरचा आलेख हंसातील १६ सिग्नी ए या ताऱ्याचा आहे. जवळजवळ समान अंतरावर उभी असलेली ही शिखरे म्हणजे त्याचे निरनिराळे सूर होत. सूर्याच्या आलेखात हे अंतर सुमारे १३५ मायक्रोहर्ट्झ (सेकंदाला एका कंपनाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोहर्ट्झ) भरते, येथे ते १०३ आहे. अंतराचा वर्ग सरासरी घनतेच्या प्रमाणात बदलत असल्याने या ताऱ्याची घनता सूर्याच्या सुमारे ५८ टक्के ठरते. शिखरांचा समूह ज्या वारंवारितेपाशी सर्वांत उंच होतो, तिच्यावरून पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण कळते आणि वर्णपटातून मिळालेले तापमान जोडले की वस्तुमान व त्रिज्या हाती येतात. आता शिखरांच्या जोड्या जवळून पाहा. जोडीतील बारीकशी फट गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम होत जाते तशी आक्रसते, म्हणून तीच ताऱ्याचे वय सांगते: येथे सुमारे ७०० कोटी वर्षे, तर आपल्या सूर्याचे ४६० कोटी.

याच पद्धतीने केपलर-४४४ या पाच ग्रहांच्या ताऱ्याचे वय सुमारे १,१२० कोटी वर्षे असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.