परत न घेण्याजोगे दान : संत जोसेफ वाझ

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो,

14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी आपल्या गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेल्या जोसेफ वाझ या पाद्रीला संत म्हणून घोषित केले. एरवी संतपदासाठी दोन चमत्कार सिद्ध व्हावे लागतात. वाझ यांच्या बाबतीत दुसऱ्या चमत्काराची अट पोपनी बाजूला ठेवली. मला हे फार मोलाचे वाटते. चमत्काराच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो, मीही सांगतो. पण आजच्या भाविकाला धरून चालता येईल असे जे काही आहे, ते या माणसाच्या जगण्यात आणि त्याने लिहून ठेवलेल्या एका कागदात आहे.

आधी त्या कागदाविषयी बोलतो. जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 चा, आईच्या गावी, बाणावलीला. वडील सांकवाळचे. 1676 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढच्याच वर्षी, 5 ऑगस्ट 1677 रोजी, सांकवाळच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, सायबिणीच्या (मेरीमातेच्या) वेदीपाशी त्यांनी एक पत्र लिहिले. वय 26. ‘दास्यपत्र’ म्हणून ते ओळखले जाते. हे पत्र पाहणाऱ्या सर्वांना, देवदूतांना, माणसांना, साऱ्या सृष्टीला कळावे, अशी त्याची सुरुवात. पुढे ते म्हणतात की मी स्वतःला देवमातेचा कायमचा दास म्हणून विकतो आणि अर्पण करतो. स्वखुशीने, हयातीत, कधीही रद्द होणार नाही अशा दानाने. माझ्यासकट माझे जे काही आहे तेही तिचे.

गोव्यात राहणाऱ्यांना बक्षिसपत्र काय असते ते समजावून सांगावे लागत नाही. घर, भाट, नारळाची चार झाडे, कशाचेही असो, एकदा सही झाली की मागे फिरता येत नाही, म्हणून आपण दहादा विचार करतो. वाझ यांनी कायद्याची तीच भाषा घेतली आणि दान म्हणून स्वतःला लिहून दिले. भावनेच्या भरात माणूस देवाला पुष्कळ काही कबूल करतो. यांनी मात्र कबुलीला तारीख घातली, ठिकाण घातले, खाली सही केली. ही सही काळजाच्या रक्ताने करायला मिळाली असती तर बरे झाले असते, असेही त्यांनी त्यात लिहिले आहे.

पुढची तेहतीसहून अधिक वर्षे त्यांनी तो कागद पाळला. कानडा प्रांतातले काम, मग 1685 मध्ये जुन्या गोव्यातला ओरेटरी संघ. हा संघ गोमंतकीय पाद्रींचा होता. युरोपियन धर्मसंघ त्या काळी इथल्या पाद्रींना दारात उभे करत नसत, हे विसरू नये. तिथून 1686 मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, निघाले; किनाऱ्यापर्यंत पायी.

सिलोनच्या किनाऱ्यावर तेव्हा डचांची सत्ता होती आणि कॅथलिक पाद्रीला तिथे बंदी. 1658 मध्ये जाफना पडल्यापासून तिथल्या कॅथलिकांना पाद्री दिसला नव्हता. वाझ भिकाऱ्याच्या वेषात उतरले, गळ्यात रोझरी, म्हणजे जपमाळ. कोण ती पाहून पुढे येतो, यावरून आपली माणसे ओळखायची. उतरताच आमांशाने आजारी पडले. रस्त्याकडेला पडलेल्या या अनोळखी माणसाला एका बाईने पेज पाजली आणि जगवले, असे चरित्रकार सांगतात. तिचे नाव कुठे नोंदलेले नाही. पण सिलोनमधल्या त्या सगळ्या कामाच्या मुळाशी एका बाईची वाटीभर पेज आहे, हे मला या चरित्रातले सर्वात मोठे सत्य वाटते.

1692 मध्ये ते बेटाच्या अंतर्भागातल्या कँडीला गेले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात पडले. तिथेच सिंहली शिकले. कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्ध होता, पण त्याचे मन हळूहळू वळले. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरच्यांनीच रोग्यांना टाकले. वाझ आणि त्यांचे सहकारी फादर कार्व्हाल्यो ओस घरांतून रोग्यांना ठेवू लागले, त्यांना धुऊ-पुसू लागले, मेलेल्यांना पुरू लागले. बौद्ध कोण, ख्रिस्ती कोण, हे विचारले नाही. राजाने त्यांना धर्मकार्याची मोकळीक ठेवली ती कोणत्याही वादात हरल्यामुळे नव्हे, ही सेवा पाहून.

कोविडच्या दिवसांत माझ्या ओळखीची एक नर्स ड्यूटीला जाताना या दास्यपत्राची प्रत पिशवीत ठेवत असे. धीर येतो का, असे मी विचारले. ती म्हणाली, “धीर नाही हो सर. आज जाऊ की नको हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडत नाही, एवढेच.” या पत्रावर मी पुष्कळ वाचले आहे, इतके नेमके कुठे वाचल्याचे आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या पॅरिशांनी घ्यायला हवी. एवढ्या मोठ्या बेटावर मोजके पाद्री. ते एका गावातून गेले की पुन्हा महिनोन् महिने येणे नाही. म्हणून वाझ यांनी गावोगावच्या साध्या माणसांवर काम सोपवले. प्रार्थना चालवणारे, मुलांना शिकवणारे, मरणाऱ्याच्या उशाशी बसणारे अण्णावी आणि मुप्पू उभे राहिले. दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस 1705 मध्ये तिथे पोचले आणि त्यांनी या माणसांच्या हाती सिंहली व तमिळ ग्रंथ दिले. 16 जानेवारी 1711 रोजी वाझ कँडीत वारले. बिशपपद त्यांनी आधीच नाकारले होते. त्यांच्या मागे काम थांबले नाही, कारण ते त्यांच्या एकट्याच्या हातात कधी ठेवलेलेच नव्हते.

आपल्याकडे आज तरुण पोर्तुगालला, इंग्लंडला, बोटींवर जातात. घरात म्हातारे उरतात. रविवारी इगर्जीत यायला ज्यांना पाय साथ देत नाहीत त्यांच्या घरी कोण जाते? पाद्री किती घरे पुरे पडणार? वाड्यावरच्या प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने अशा घरांची यादी करावी आणि ती आपसात वाटून घ्यावी, एवढी विनंती मी आज इथे करतो. ज्यांना आत्ताच नाव द्यायचे असेल त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवली आहे.