लाल काबर चूप से?

(दृश्य : अमळनेरची एक गच्ची. अंधारात मोबाइलचा उजेड. कॉलवर 'अमंग अस' हा खेळ रंगलाय.)

मे महिना. रात्रीचे साडेदहा, तरी गच्चीची फरशी अजून तापलेली. पडद्यावर मृतदेह झळकतो आणि सगळ्यांचे माइक एकदम उघडतात.

"कोठे सापडना?"
"नेव्हिगेशनमा."
"लाल कोठे व्हता? लाल काबर चूप से?"

लाल बोलत नाही. अर्ध्या मिनिटात मतं पडतात आणि लाल यानाबाहेर. पडद्यावर ओळ उमटते : लाल इम्पोस्टर, म्हणजे लपलेला खुनी, नव्हता.

लाल म्हणजे रावेरचा केळीवाला. शेतातली लाइट आली म्हणून तो मोटार चालू करायला गेला होता.

(दृश्य : खेळाचा पडदा. रंगीत अंतराळवीर.)

'अमंग अस' आला 2018 मध्ये, पण घरोघरी पोचला तो 2020 च्या टाळेबंदीत. यानावर नेव्हिगेशन, इलेक्ट्रिकल अशा खोल्यांत सगळे कामाला लागलेले, त्यांच्यात एक-दोन खुनी मिसळलेले. खुन्यांना सगळं ठाऊक, बाकीच्यांना काहीच नाही. या जातीच्या खेळांचं मूळ आहे 'माफिया'. दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो 1986-87 च्या सुमारास मॉस्कोत रचला. आपल्याकडे चिठ्ठ्या उधळून चोर ओळखायचा खेळ होताच म्हणा, पण तिथे चोराचं तोंड समोर दिसायचं. इथे फक्त आवाज आणि रंग.

म्हणून नवखे गप्प माणसाला धरतात. गप्प माणूस स्वस्तात सापडतो.

(दृश्य : निळ्या रंगाची खेळाडू. चेहरा दिसत नाही, हातातला मोबाइल दिसतो.)

शिरपूरची निळी तसं करत नाही. तिचं पहिलं लक्ष प्रश्नांकडे. ज्याला खरंच माहीत नाही तो विचारत सुटतो : कुठे, कधी, सोबत कोण? खुन्याला विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्याला कुणीतरी बाहेर गेलं की झालं. मघाशी लालवर वाद चालू असतानाच हिरव्याच्या नावापुढे मत दिल्याची खूण आली होती. एवढी घाई कशाची?

दुसरं, ती माणसाची तुलना त्याच्याशीच करते. साक्रीचा हा हिरवा एरवी खानदेशची अहिराणी बोली सोडत नाही. काल निर्दोष होता तेव्हा त्याची जबानी अशी : "आरे मी तठेच व्हतू, वायर जोडी ऱ्हायंतू, मंग लाइट गयी ना भो!" आगापिछा नाही. आज मात्र तो म्हणतो, "मी प्रथम ॲडमिनमध्ये कार्ड स्वाइप केलं आणि त्यानंतर स्टोरेजकडे गेलो." शाळेच्या निबंधासारखं. आता खोटं बोलताना माणूस शुद्ध बोलतो असा काही नियम नाही. मुलाखतीला जाताना आपणही तसंच बोलतो. पण हिरवा कुठल्या मुलाखतीला निघाला होता?

शिवाय तो ॲडमिनमधल्या कार्डच्या यंत्रापाशी बराच वेळ उभा राहिला, निघून गेला, आणि सगळ्यांची मिळून किती कामं झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी तसूभरही सरकली नाही.

(दृश्य : दुसरी सभा.)

पुन्हा मृतदेह. कुठे सापडला हे कुणी सांगायच्या आधीच हिरवा म्हणतो, "मी तर इलेक्ट्रिकलकडे फिरकलोच नाही."

कॉलवर दोन सेकंद शांतता. मग निळी हळूच विचारते, "इलेक्ट्रिकलनं नाव कोणी काढं?"

असली चूक रोज हाती लागत नाही. बहुतेक रात्री मतांच्या रंगांवरून, कोण कोणाला पाठीशी घालतंय यावरूनच अंदाज बांधावा लागतो, आणि तो निम्म्या वेळा फसतो.

(दृश्य : पुढचा आठवडा. तीच गच्ची.)

हिरवा शहाणा झालाय. आता तो निर्दोष असला तरी पुस्तकी मराठीच बोलतो, त्यामुळे निळीची ती खूण बाद झाली. आणि रावेरचा लाल आजही सभेत चूप आहे.

"काय भो," कुणीतरी विचारतं, "मोटार का खून?"