आधी तपासणी, मग गहू बंद

श्रोतेहो, नमस्कार.

पोळी खाल्ली की पोट फुगतं, जुलाब होतात, म्हणून गहू सोडायच्या विचारात असाल, तर माझी एक विनंती आहे. अजून सोडू नका. आधी डॉक्टरांना भेटून सिलिॲक आजारासाठी रक्ताची तपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत रोजची पोळी चालू ठेवा.

मी आहारतज्ज्ञ आहे. नागपुरातून, तसंच उमरेड, काटोल, भंडाऱ्याकडून लोक माझ्याकडे येतात. त्यातल्या कित्येकांनी येण्याआधीच गहू बंद केलेला असतो. कुणाला शेजारणीनं सांगितलेलं असतं, कुणी मोबाइलवर वाचलेलं असतं. "मॅडम, पोळी सोडली आणि पोट हलकं झालं. म्हणजे मला सिलिॲकच ना?" या प्रश्नाला मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. कारण गहू सोडल्यानंतर रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात, आतडं भरून यायला लागतं, आणि तपासणीत काहीच सापडत नाही. मग खरा रुग्णही "नॉर्मल" ठरतो.

सिलिॲक म्हणजे नुसतं अपचन नव्हे, गव्हाची ॲलर्जीही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. कणकेला जो चिवटपणा येतो तो याच प्रथिनांमुळे. काही माणसांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बारीक रसांकुर असतात, टर्किश टॉवेलला धागे असतात तसे. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

जुलाब हे त्याचं ओळखीचं रूप. पण पुष्कळ रुग्णांना जुलाब होतच नाहीत. मूल उंचीला मागे पडतं. मुलीची पाळी उशिरा सुरू होते. तोंडात सारखे छाले येतात, हाडं ठिसूळ होतात. आणि सगळ्यांत जास्त फसवतो तो ॲनिमिया. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. आपल्या विदर्भात रक्त कमी म्हटलं की पहिला संशय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जातो, आणि तो जायलाच हवा. पण सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या माणसाला त्यामुळे सहसा ॲनिमिया होत नाही. रिपोर्टवर 'एएस' पॅटर्न, म्हणजे वाहक असल्याची खूण, दिसला की घरचे म्हणतात, सापडलं कारण. शोध तिथेच थांबतो. कृपा करून तो थांबू देऊ नका.

हा आजार पंजाब-हरियाणाकडचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असंही मी ऐकते. २०१६ साली देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या मोठ्या माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत शंभरामागे एकाहून थोडं जास्त आणि दक्षिणेत हजारामागे एक, असं प्रमाण दिसलं. या आजाराला पूरक असलेली जनुकं दक्षिणेतही आढळतात. मोठा फरक आहे तो गहू खाण्यात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी मागे पडली आणि दोन्ही वेळची पोळी आली, हे आपण आपल्याच घरात पाहिलं आहे. नागपूरकरांनी निर्धास्त राहावं असं मला तरी वाटत नाही.

गव्हाचा हा संबंध ठामपणे दाखवला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि इतर सगळे खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तसा त्यांचा आजारही परतला. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला. त्या काळी रक्ताची तपासणी नव्हती, गहू काढून बघणं हाच एक मार्ग हाती होता. आज मात्र नुसतं "बरं वाटलं" हा पुरावा धरता येत नाही. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची कर्बोदकंही असतात आणि ज्यांचं आतडं नाजूक असतं त्यांना त्यांनीही गॅस होतो. अशा माणसालाही पोळी सोडल्यावर बरं वाटेल, पण त्याला सिलिॲक नसेल.

तर तपासणी कोणती? पहिली रक्ताची. तिचं नाव टीटीजी आयजीए. आयजीए हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. या तपासणीसोबत एकूण आयजीए किती आहे तेही मोजायला सांगा. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी असतं, आणि सिलिॲकच्या रुग्णांत असे लोक जास्त, शंभरात दोन-तीन. त्यांची टीटीजी आयजीए तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येते. त्यांच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची वेगळी तपासणी लागते. आणि हो, शंभर-दोनशे पदार्थांची यादी देऊन "तुम्हाला हे चालत नाही" असं सांगणारी महागडी पॅकेजेस मिळतात, त्यांनी सिलिॲकचं निदान होत नाही. ते पैसे वाचवा.

रक्तात टीटीजी वाढलेलं आलं की पुढची पायरी दुर्बिणीची. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे घेतात. बायोप्सी म्हटलं की घरात रडारड सुरू होते, कॅन्सरची शंका येते. इथे बायोप्सी रसांकुरांची अवस्था बघण्यासाठी असते. तुकडे एक-दोन नकोत, पाच-सहा हवेत, कारण आजार आतड्यात ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असू शकतो. लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून वर असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही सिलिॲकचीच दुसरी प्रतिपिंड-तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं, असं युरोपच्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या सूचना सांगतात. तो निर्णय पोटविकारतज्ज्ञांचा. आई-वडिलांनी घरी बसून घ्यायचा नाही.

दुर्बिणीचा आणखी एक उपयोग आपल्या भागात फार मोलाचा आहे. रसांकुर फक्त सिलिॲकमध्येच झिजतात असं नाही. ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार, जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, यांतही अस्तराची नासाडी होते. क्षयाच्या रुग्णाची पोळी बंद करून त्याला घरी बसवलं, तर किती महिने वाया जातील याचा विचार करा.

आता ज्यांनी गहू आधीच सोडला आहे ते विचारतील, आमचं काय? तुमच्यासाठीही वाट आहे. एचएलए ही जनुकांची तपासणी गहू खात नसतानाही करता येते. ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो. पॉझिटिव्ह आली तर मात्र घाबरू नका, कारण ती जनुकं तिसेक टक्के लोकांत असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना आजार होतो. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, साधारण सहा ते आठ, रोज दोनेक पोळ्या खाऊन पुन्हा रक्त तपासतात. हे दिवस त्रासाचे असतात, मला ठाऊक आहे. खूप वजन उतरलेल्या माणसानं किंवा लहान मुलाच्या आईनं हा प्रयोग स्वतःच्या मनानं मुळीच करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. कारण सिलिॲक ठरला तर पथ्य जन्मभराचं आहे, आणि त्यात "सणाला एक दिवस चालतं" अशी सूट नाही. लग्नात कुणी आग्रह करेल, "अवो, एक रोडगा खाल्ल्यानं काय होते?" निदान पक्कं नसेल तर तो आग्रह मोडण्याचं बळ कुठून येणार? सासूबाईंना, शाळेला, डबेवाल्या काकूंना काय सांगणार? आणि निदान पक्कं असेल तरच माणूस बारकावे पाळतो. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका, बेसन चालतं, म्हणजे आपला झुणका-भाकर, गोळाभात ताटात राहतो. पण चक्कीवर आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात तो मिसळतो. बाजारच्या हिंगाच्या डबीत बरेचदा मैदा असतो. उन्हाळ्यातल्या सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. पुडाच्या वडीचं आवरण बेसनासोबत मैद्याचं किंवा कणकेचं असू शकतं. पाकिटावर ग्लुटेन-मुक्त लिहिलेलं असेल, तर आपल्या देशाच्या नियमानुसार त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मर्यादा इतकी बारीक आहे. उगाच संशयावरून कुणालाही आयुष्यभर एवढ्या बंधनात टाकू नये, आणि खऱ्या रुग्णाला त्यातून मोकळंही ठेवू नये.

घरात एकाचं निदान पक्कं झालं की त्याच्या आई-वडिलांनी, सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी, काही त्रास नसला तरी, ही रक्ततपासणी करून घ्यावी. अशा जवळच्या नातेवाइकांत शंभरातल्या सात-आठ जणांना हा आजार निघतो. टाइप वन मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटण्याचा) आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्यांबद्दलही डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. आणि त्या सगळ्यांनाही हेच सांगा, की रक्त देईपर्यंत पोळी चालू ठेवायची आहे.

नमस्कार.